लायसन्स फ्री म्हणून गळ्यात मारलेले वॉकी टॉकी (इंदूर)

मंडळी, जरा लांबलंय पण वाचा, खासकरून दोन-तीन गाड्या काढून फिरायला जाणाऱ्यांनी.

मागच्या पावसाळ्यात आम्ही सगळे मांडूला निघालो, आमची गाडी, दिरांची आणि नणंदेची. मानपूरच्या पुढे धुकं उतरलं, नणंदेची गाडी मागे राहिली आणि फोन काही लागेना. आम्ही पाऊण तास एका टपरीवर भुट्टे खात उभे आणि सासूबाईंचा जप चालू. तेव्हाच दीर म्हणाले, वहिनी पुढच्या वेळी वॉकी टॉकी घ्यायचे, तुम्हीच बघा. आणि मी बघितले.

राजवाड्याच्या बाजूला एक दुकान आहे, नाव लिहीत नाही. मी आपली भाबडेपणाने विचारलं की याला लायसन्स वगैरे लागतं का, तर म्हणे "अरे दीदी, टेंशन मत लो, लायसन्स फ्री है, ये देखो सरकारी कागज." ईटीए, म्हणजे त्या मॉडेलला मिळालेली सरकारी मंजुरी, अशा कागदाचा झेरॉक्स दाखवला, शिक्का होता, नंबर होता, मला काय कळतंय. डब्यावर दहा किलोमीटर रेंज, पाच वॅट पॉवर, बावीस चॅनल आणि वर प्रायव्हसी कोड १२१, म्हणजे म्हणे २६६२ चॅनल झाले, तुमचं बोलणं दुसरं कुणी ऐकूच शकत नाही. चार सेटचे ७२०० रुपये दिले, बिल घरी आल्यावर नीट वाचलं तर त्यावर लिहिलेलं "टॉय सेट". तिथेच डोक्यात घंटा वाजायला हवी होती, पण तेव्हा मुलं गच्चीवर "ओव्हर ओव्हर" करत नाचत होती.

पहिला धक्का रेंजचा. दीर सुदामा नगरात, आम्ही रामबागेत, अंतर दहा किलोमीटरच्या पुष्कळ आत, तरी नुसती खरखर. दुकानदाराला फोन केला तर म्हणे खुल्या जागेत चालवून बघा. आम्ही खरंच मांडूला नेले आणि काय सांगू, रूपमती मंडपावरून खाली बाजबहादूरच्या महालाशी एकदम स्वच्छ आवाज! कारण मध्ये काहीच नाही, समोर दिसतंय. पण तिथून उतरून गावाच्या गल्लीत शिरलो की बंद. डब्यावरची रेंज म्हणजे दोन डोंगरांच्या माथ्यावर उभं राहून मोजलेली, घरांच्या गर्दीत एखादा किलोमीटर मिळाला तरी नशीब.

दुसरा धक्का मात्र घाबरवणारा होता. परत येताना बायपासवर मुलगा चॅनल ३ वर भावाला शेव-परमलची ऑर्डर देत होता आणि मध्येच एक जाडा आवाज, "कौन है बे चैनल पे, हटो यहाँ से, ये हमारी फ्रीक्वेंसी है!" कुठल्यातरी कॅम्पसची सिक्युरिटी. कोड लावलेला होता हो! म्हणजे कोड असूनही ते आम्हाला अख्खं ऐकत होते, आणि त्यांच्या बोलण्यात आम्ही घुसत होतो.

आमच्या कॉलनीत एक काका आहेत, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, हॅम रेडिओवाले, म्हणजे लायसन्स काढून हौसेने रेडिओवर बोलणारे. त्यांच्याकडे सेट घेऊन गेले. त्यांनी बटण दाबून तो फ्रीक्वेन्सी मोजायच्या यंत्राजवळ धरला आणि चॅनल १ वर आकडा आला ४६२.५६२५ मेगाहर्ट्झ. काका हसलेच. म्हणाले, अगं हा अमेरिकेतल्या घरगुती सेटचा बँड, तिकडे ४६२ आणि ४६७ ला परवानगी आहे, आपल्याकडे नाही. आपल्याकडे विना लायसन्स वापरायचा पट्टा ४४६.० ते ४४६.२, २०१८ च्या नियमात दिलेला. युरोपात याला पीएमआर ४४६ म्हणतात, पॉवर अर्धा वॅट, अँटेना निघत नाही. आपल्या सेटची अँटेना फिरवली की बाहेर येत होती. आणि लायसन्स नसताना असा सेट नुसता जवळ बाळगणंसुद्धा १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून गुन्हा आहे, हे ऐकून माझ्या पोटात गोळाच आला.

पॉवर मोजली तर डब्यावरच्या पाच वॅटच्या जागी दीड! म्हणजे कायद्याला जास्त आणि आपल्याला कमी, दोन्हीकडून मार.

प्रायव्हसी कोडचं पण त्यांनी समजावलं. तो कोड म्हणजे कुलूप नाही, बोलण्याबरोबर जाणारी एक बारीक खूण असते, ती जुळली नाही तर तुमचा स्पीकर गप्प बसतो, एवढंच. दुसऱ्याने कोड बंद ठेवला की त्याला सगळं ऐकू येतं. चॅनल बावीसच राहतात, २६६२ वगैरे नुसता गुणाकार.

मग तो झेरॉक्स चष्मा लावून वाचला. मॉडेल नंबर वेगळा, आणि फ्रीक्वेन्सी लिहिलेली २.४ गिगाहर्ट्झ. कुठल्यातरी ब्लूटूथ स्पीकरचं ईटीए मला दाखवलं होतं!

दुकानात गेले तर सुरुवातीला ओळखच नाही. बिलाची आठवण दिली तर म्हणतो "दीदी दे दो, ४४६ पे सेट कर देता हूँ, केबल है अपने पास." याला हो म्हणू नका. काकांनी आधीच बजावलं होतं, नंबर बदलला तरी पॉवर तीच, अँटेना तीच आणि ईटीए तर नाहीच. मी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली, तक्रारीचा नंबर त्याला दाखवला, तेव्हा कुठे पाच हजार परत आले. बावीसशे गेलेच, म्हणे बॅटरी वापरलेल्या आहेत.

ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी, मे २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यावर नियमावली काढलीय, साइटवर फ्रीक्वेन्सी आणि ईटीए दाखवणं आता बंधनकारक आहे. ते नसेल तर ऑर्डरच करू नका, आणि असेल तर मॉडेल नंबर अक्षर अन् अक्षर जुळवा.

ते चार सेट त्याने माझ्यासमोरच पुसून परत शोकेसमध्ये ठेवले. काळा डबा, वर डोंगराचं चित्र, पिवळ्या अक्षरात बावीस चॅनल. दिसला तर आधी त्याला विचारा मेगाहर्ट्झ किती, आणि मग त्याचं तोंड बघा.