सहा चाकी टायरेलचे चार टायर आणि अंबडचे एक वर्कशॉप

टायरेल पी-३४ या सहा चाकी शर्यतीच्या मोटारीचे तामिया कंपनीने काढलेले १/१२ प्रमाणातील मॉडेल आमच्या घरी काचेच्या कपाटात वीस वर्षांहून अधिक काळ उभे आहे. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ते खाली उतरवले, तेव्हा पुढच्या चारही टायरांना कडेने भेगा पडलेल्या दिसल्या आणि त्यांतल्या एकाचा तुकडा तर माझ्या बोटांतच राहिला. मागचे दोन मोठे टायर थोडे चपटे झाले असले, तरी धड होते. मॉडेलचे प्लास्टिक, रंग, स्टिकर सगळे शाबूत असताना केवळ टायरांमुळे गाडी अडगळीत जावी, हे मनाला पटेना. त्यानंतर नाशिकमध्ये टायरांचा जो शोध घेतला आणि अखेर अंबड एमआयडीसीतील एका लहान वर्कशॉपमध्ये ते ज्या पद्धतीने करून घेतले, त्याचा हा लेखाजोखा आहे. वर्कशॉपचे नाव मालकांच्या विनंतीवरून देत नाही. चार-चार टायरांची गिऱ्हाइके दारात उभी राहिली, तर रोलरच्या ऑर्डरी कोण पुऱ्या करणार, असा त्यांचा रास्त सवाल आहे.

या गाडीला बाजारातला कोणताही टायर चालत नाही, याचे कारण मूळ गाडीतच आहे. १९७६ आणि १९७७ या दोन हंगामांत धावलेल्या या फॉर्म्युला वन मोटारीला पुढे चार छोटी चाके होती आणि त्यांच्या रिमचा व्यास अवघा १० इंच, म्हणजे २५४ मिलिमीटर होता. बाराने भागले की २१ मिलिमीटरच्या जरासे वर उत्तर येते. १९७६ च्या स्वीडिश ग्राँ प्रीमध्ये याच गाडीने पहिला आणि दुसरा असे दोन्ही क्रमांक पटकावले होते. पण एवढे छोटे टायर लागणारा संघ एकच असल्याने टायर पुरवणाऱ्या गुडइयरकडून त्यांची पुढची सुधारणा रखडत गेली, आणि ही गाडी मागे पडण्याच्या कारणांत तेही एक होते. खऱ्या टायरेलचे घोडे जिथे अडले, तिथेच माझ्या मॉडेलचेही अडावे, याची गंमत मला नंतर वाटली. त्या वेळी मात्र वैतागच आला होता.

आधी शहरातल्या रिमोटच्या गाड्या विकणाऱ्या एका दुकानात गेलो. तिथे १/१० प्रमाणाच्या गाड्यांचे टायर मिळतात, परंतु त्यांच्या आतला व्यास साधारण ५२ मिलिमीटर असतो. माझ्या रिमवर तो बांगडीसारखा फिरला असता. द्वारका परिसरात ऑइल सील आणि ओ-रिंग विकणाऱ्या दुकानदाराने अगदी आपुलकीने डबेच्या डबे उघडून दाखवले. ओ-रिंगचा छेद गोल असतो, त्यामुळे जुन्या काळच्या तारांच्या चाकांवरील अरुंद टायरांना ती शोभते. रुंद, सपाट तोंडाच्या शर्यतीच्या टायराला नाही. शेवटी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून ऑनलाइन संच मागवला. टायरांच्या किमतीपेक्षा टपालखर्च जास्त होता, तोही सोसला. पाकीट फोडले तर आत १/२० प्रमाणाचे टायर निघाले, कारण तामियाने हीच गाडी त्या प्रमाणातही काढलेली आहे. परत घेण्याची त्यांची तयारी होती, फक्त परतीचा खर्च माझ्या माथी होता. ते टायर आजही टेबलाच्या खणात आहेत आणि करंगळीत अंगठीसारखे बसतात.

अंबडच्या त्या वर्कशॉपमध्ये मुख्य काम पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेनचे बुश आणि रोलर ओतण्याचे आहे. मालकांनी टायर हातात घेऊन नखाने दाबला आणि पहिलेच वाक्य उच्चारले, “साहेब, रबरात करायचे म्हटले तर स्टीलची डाय लागेल, आणि मग हे टायर तुम्हाला सोन्याच्या भावात पडतील.” त्याऐवजी त्यांनी सिलिकॉनच्या साच्यात काळे पीयू ओतण्याचा मार्ग सुचवला. साच्यासाठी नमुना म्हणून मी कमी फाटलेला टायर नेला होता आणि त्याच्या भेगा घरी मुलीच्या चित्रकलेच्या डब्यातल्या मातीने बुजवल्या होत्या. ही चूक सर्वस्वी माझी. त्या मातीत गंधक होते आणि गंधक लागले की प्लॅटिनमवर घट्ट होणारे सिलिकॉन तिथे सेट होत नाही. दुसऱ्या दिवशी साचा उघडला, तेव्हा भेगांच्या जागी तो गुळासारखा चिकट राहिला होता. वाया गेलेल्या सिलिकॉनचे पैसे त्यांनी बिलात लावले, तेही आधी सांगून.

यावर त्यांनी काढलेला तोडगा मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत आवडला. पी-३४ चे टायर गुळगुळीत आहेत, त्यांना नक्षी नाही. म्हणजेच लेथवर वळवता येईल असा तो साधा गोल घाट आहे. शेजारच्या गाळ्यातल्या टर्नरने व्हर्निअरने मापे घेऊन, आतली पोकळी आणि रिमच्या खाचेत अडकणारी कड यांसह, ॲल्युमिनियमचा टायर तासाभरात वळवून दिला. सिलिकॉनचा नवा साचा त्या नमुन्यावरून झाला. इंजिनिअरिंगच्या गावात राहण्याचा असाही फायदा असतो.

पहिला घाणा त्यांनी रोलरच्याच मालातून, ९० शोअर (रबराचा कठीणपणा मोजण्याचे माप) कठीणपणाचा काढला. तो रिमवर चढवताना ताणला जाईना आणि जास्त जोर लावला असता, तर प्लास्टिकचा रिम नक्कीच तडकला असता. ६० शोअरचा मऊ माल वापरल्यावर टायर गरम पाण्यात न बुडवताही बसला. एकूण सहा टायर मिळाले. एकाच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा हवेचा बुडबुडा होता, तो त्यांनी मी न सांगताच बदलून दिला. साच्याच्या जोडाची रेघ मात्र सगळ्यांवर दिसत होती आणि ती पाण्याच्या पॉलिश पेपरने घासायचे काम मलाच करावे लागले. नमुना, दोन साचे आणि सहा टायर मिळून २,८०० रुपये झाले. चार टायरांसाठी ही रक्कम थोडी नव्हे. पण साचा माझ्या मालकीचा आहे आणि पुढच्या टायराला फक्त मालाचे पैसे पडतील.

सिलिकॉनचेच टायर का ओतले नाहीत, असे मी विचारले होते. सिलिकॉनला रंग धरत नाही, हे त्यांचे उत्तर बरोबर आहे. पीयूवर मी स्टेन्सिलने घातलेली पांढरी अक्षरे अजून तरी सुटलेली नाहीत. मऊ व्हिनाइलच्या टायरांमधला प्लास्टिसायझर, म्हणजे मऊपणा आणणारे रसायन, काही वर्षांत पाझरून पॉलिस्टायरीनचे रिम वितळवतो, हे जुन्या मॉडेलवाल्यांचे ठरलेले दुखणे आहे. नव्या टायरांच्या बाबतीतही धोका नको म्हणून रिमवर नळाच्या टेफ्लॉन टेपचे दोन वेढे देऊनच मी ते चढवले.

तक्रार एकच आहे आणि ती वेळेची. आठ दिवसांचा वायदा बावीस दिवसांवर गेला आणि मधल्या काळात फोन बहुधा उचललाच जात नव्हता. समक्ष गेल्याशिवाय काम पुढे सरकत नसे. तिथे जाणाऱ्याने चाक आणि टायर दोन्ही सोबत न्यावेत, मापे कागदावर लिहून द्यावीत आणि पावसाळा टाळावा. हवेतला ओलावा लागला की पीयूत बुडबुडे धरतात, त्यामुळे असले नाजूक काम ते आषाढ-श्रावणात घेतच नाहीत. मागच्या दोन चपट्या टायरांसाठी मला त्यांनी दसऱ्यानंतर बोलावले आहे.