आधी बातमीदारी की थेट माहितीपट: स्थलांतरित पत्रकारापुढचे दोन मार्ग

परदेशात पत्रकारिता करणाऱ्याला स्वतःचा माहितीपट करण्याची ओढ लागली, की कॅमेरा कोणता घ्यावा यापेक्षा नोकरी कधी सोडावी आणि ती सोडल्यावर त्या देशात कोणत्या आधारावर राहावे, हे प्रश्न जास्त अडवतात. अमेरिकेत हा निर्णय घेऊ पाहणाऱ्यांनी होजे अँटोनियो व्हार्गास आणि नानफू वांग यांच्या कारकिर्दी शेजारी ठेवून पाहाव्यात. दोघेही आशियातून आलेले आणि दोघांचाही पाया पत्रकारितेचा, पण कामाचा क्रम मात्र वेगळा.

व्हार्गास १९९३ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, फिलिपिन्समधून कॅलिफोर्नियात आजी-आजोबांकडे आले. आपले ग्रीनकार्ड, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना, खोटे आहे हे त्यांना सोळाव्या वर्षी, वाहनपरवाना काढायला गेल्यावर कळले. ही गोष्ट मनात ठेवूनच त्यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये बातमीदारी केली आणि व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील गोळीबाराच्या वार्तांकनासाठी २००८ चे पुलित्झर हे पत्रकारितेचे मानाचे पारितोषिक मिळवणाऱ्या चमूत ते होते. जून २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’मधील लेखात त्यांनी आपली परिस्थिती जाहीर केली आणि त्यानंतर २०१३ मध्ये ‘डॉक्युमेंटेड’ हा माहितीपट आला, जो पुढच्या वर्षी सीएनएनने दाखवला. पहिल्याच माहितीपटाला असा प्रेक्षक मिळणे दुर्मीळच, आणि त्यामागे वृत्तपत्रात कमावलेल्या नावाचा मोठा वाटा होता, असे मला वाटते.

त्या नावाला कागदपत्रांची उणीव मात्र भरून काढता आली नाही. चित्रपटाचा गाभा आहे फिलिपिन्समध्ये राहिलेली आई. पण देशाबाहेर गेल्यास परतण्याची वाट बंद झाली असती, म्हणून आईच्या चित्रीकरणासाठी त्यांना तिथे दुसरी माणसे पाठवावी लागली. आपल्याच चित्रपटातील सर्वांत महत्त्वाच्या प्रसंगी दिग्दर्शक गैरहजर, आणि तेही व्हिसाच्या कारणाने! शिवाय स्वतःच बातमीचा विषय झाल्यावर स्थलांतराविषयी तटस्थ वार्ताहर म्हणून लिहिणे त्यांना जवळजवळ अशक्य झाले. ज्यांना नंतर वृत्तकक्षात परतायचे आहे, त्यांनी ही किंमत आधीच हिशेबात धरावी.

वांग यांचा क्रम उलटा आहे. चीनच्या जियांग्शी प्रांतातील खेड्यातून आलेल्या वांग न्यूयॉर्क विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात माहितीपट शिकल्या आणि थेट चित्रीकरणाला लागल्या. २०१३ मध्ये हायनान बेटावर शाळकरी मुलींच्या लैंगिक शोषणाविरुद्ध आंदोलन करणाऱ्या ये हाययान यांच्यामागे त्या एकट्याने फिरल्या. उघड कॅमेरा धरणे अशक्य होई तेव्हा चष्म्यात दडवलेला कॅमेरा वापरला आणि चित्रफिती गुपचूप देशाबाहेर काढल्या. त्यातून झालेला ‘हूलिगन स्पॅरो’ २०१६ मध्ये अमेरिकेतील सनडान्स चित्रपट महोत्सवात दाखवला गेला; चीनच्या एक-मूल धोरणावर झांग जियालिंग यांच्यासह केलेल्या ‘वन चाइल्ड नेशन’ला तिथेच २०१९ चे ज्युरीचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि २०२० मध्ये मॅकआर्थर फेलोशिप ही मानाची अभ्यासवृत्तीही आली. ‘वन चाइल्ड नेशन’मध्ये गावची वृद्ध सुईण आपण पन्नास-साठ हजार नसबंद्या आणि गर्भपात केल्याचे सांगते. ती हे बोलली, कारण समोर कॅमेऱ्यांचा ताफा नव्हता; गावातलीच, नुकतीच आई झालेली मुलगी, म्हणजे वांग, बसली होती. असे बोलणे कोणत्याही वृत्तसंस्थेच्या ओळखपत्रावर मिळाले नसते.

चित्रपट म्हणून मला वांग यांचे काम सरस वाटते, पण त्याचा धोका एकट्या दिग्दर्शिकेने पेललेला नाही. ये हाययान यांना मुलीसह घरातून काढण्यात आले, सामान रस्त्यावर आले, आणि वांग यांच्या नातेवाइकांकडेही सुरक्षा यंत्रणेने चौकशी केली. विषय मायदेशातला असेल तर मागे राहणाऱ्यांचा विचार चित्रीकरण सुरू होण्याआधीच व्हायला हवा.

पैशाच्या बाबतीत दोन्ही मार्ग सारखेच खडतर. एकट्याने चित्रीकरण स्वस्तात होते. खर्च वाढतो तो नंतर, संकलन, जुन्या चित्रफितींचे हक्क, वकिलांची तपासणी आणि वाहिन्या मागतात त्या दायित्व विम्यावर (चित्रपटावरून खटला झाल्यास त्याचा खर्च भागवणारा विमा). त्यात जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचा केंद्रीय निधी मागे घेतल्याने स्वतंत्र माहितीपटांचा एक जुना आधार खचला आहे.

म्हणून एच-१बी, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या कामाच्या व्हिसावर असणाऱ्यांनी आज नोकरी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नोकरी संपताच साधारण ६० दिवसांत दुसरी सोय करावी लागते, आणि असामान्य कर्तृत्वासाठीच्या ओ-१ व्हिसाचा अर्जही स्वतः करता येत नाही. अमेरिकी संस्था किंवा एजंट लागतो. त्यासाठी जे पुरस्कार, परीक्षणे आणि शिफारसपत्रे लागतात, ती नोकरीत राहूनच जमवलेली बरी. ग्रीनकार्ड हाती असेल आणि विषय ओळखीच्या माणसांचा असेल, तर मात्र वांग यांचा मार्ग धरावा. दहा वर्षे बातमीदारी करून मग चित्रपटाकडे वळण्यात तोपर्यंत ती माणसे आणि तो विषयच हातचा जाण्याची शक्यता अधिक.

ज्यांना महाराष्ट्रात येऊन चित्रीकरण करायचे आहे, त्यांच्यासाठी आणखी एक बाब. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकांना (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना) भारतात पत्रकारितेच्या कामासाठी विशेष परवानगी घ्यावी लागते; भारतीय पारपत्र असणाऱ्याला ती लागत नाही. परदेशी नागरिकत्वाचा अर्ज विचाराधीन असेल, तर गावाकडचे चित्रीकरण त्याआधी उरकायचे की नंतर, हे वेळापत्रक आखतानाच ठरवावे.