आइसलँडचा नाताळ: सगळा साग्रसंगीत की निवांत?

डिसेंबरात रेकयाविकमध्ये घर भाड्याने घेऊन राहणाऱ्यांना किंवा नोकरीनिमित्त तिथे पहिलाच नाताळ काढणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न पडतोच: जुन्या पद्धतीचा सगळा घाट घालायचा, की चार दिवस निवांत काढायचे? आमचं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या रीतीतल्या दोन गोष्टी चुकवू नयेत. एक, सगळ्यांनी मिळून करायचं लॉइवाब्रॉइद. दुसरी, २४ तारखेचे संध्याकाळचे सहा, म्हणजे तिथे नाताळ सुरू होण्याची वेळ. बाकीचं विकत आणलं, बाहेर खाल्लं किंवा सोडून दिलं तरी चालतं.

लॉइवाब्रॉइद म्हणजे नक्षी कापून तळलेली पातळ, कुरकुरीत पोळी. ती मूळची उत्तर आइसलँडची खासियत. ५०० ग्रॅम मैदा, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ, एक मोठा चमचा साखर हे एकत्र करा. ३०० मिली दुधात ३० ते ५० ग्रॅम लोणी घालून उकळी आणा आणि गरम असतानाच मैद्यावर ओता. गार दुधाने मळलेला गोळा लाटताना सारखा आक्रसतो. उकळत्या दुधाने मैदा थोडा शिजतो, म्हणून पातळ लाटता येतो. साधारण वीस पोळ्या होतात. जाडी इतकी कमी हवी, की खालच्या कागदावरची अक्षरं दिसावीत. बशी ठेवून १८ ते २० सेंटिमीटरचा गोल कापा, अलगद दुमडून धारदार सुरीने इंग्रजी ‘व्ही’सारखे छेद ओळीने द्या, पोळी उघडा आणि एकेक टोक उचलून पुढच्या टोकावर मुडपा. यासाठी पितळी चाकाचं कातणंही मिळतं.

बिघडतं ते दोन ठिकाणी. लाटलेल्या पोळ्या उघड्या राहिल्या की कडा सुकतात आणि छेद देताना तुटतात, म्हणून गोळ्यावर आणि पोळ्यांवर ओलसर कापड हवंच. दुसरं, तेल पुरेसं तापलेलं नसेल तर पोळी तेल पिते. १८० ते २०० अंशांवर काही सेकंदांत रंग येतो. तळण्याआधी काट्याने टोचा, नाहीतर ती पुरीसारखी फुगून नक्षी मोडते. बाहेर काढल्याबरोबर कागदावर ठेवून वरून सपाट फळीने दाबा. गार झाल्यावर दाबली तर मोडेल. पूर्वी ती मेंढीच्या चरबीत तळत, साधं तेलही चालतं. निवांत मार्ग हवा असेल तर लाटून ठेवलेल्या कच्च्या पोळ्या दुकानात मिळतात. त्या घ्या, नक्षी मात्र घरीच कापा, कारण मजा तिथेच आहे. तळलेल्याही मिळतात. शाकाहारींनी त्या घेताना कोणत्या चरबीत तळल्यात ते वेष्टनावर पाहावं.

हांगिक्योत, म्हणजे धुरावलेलं मेंढीचं मांस, बहुतेक घरांत २५ तारखेला असतं. २४ च्या रात्री अनेकांकडे धुरावलेलं डुकराचं मांस असतं. हांगिक्योतला कष्ट कमी, पण घाई चालत नाही. गार पाण्यात, मीठ न घालता चढवा, हळू उकळी आणा आणि किलोला पाऊण ते एक तास मंद आचेवर ठेवा. खळखळून उकळलं तर तंतू सुटून मांस कोरडं पडतं. त्याच पाण्यात गार होऊ द्यावं. गरमागरम कापलं तर चुरा होतो. सोबत उकडलेले बटाटे गोडसर पांढऱ्या सॉसमध्ये, वाटाणे आणि लाल कोबी. मांस न खाणाऱ्यांसाठी तिथे सुक्यामेव्याचा भाजलेला वडीसारखा पदार्थ रूढ आहे.

२३ तारखेच्या स्कात्याबद्दल (आंबवलेल्या स्केट माशाबद्दल) मात्र आमचं मत ठाम आहे: घरी शिजवू नका. हा दिवस बिशप थोरलाउकुर यांच्या पुण्यतिथीचा (११९३). त्या दिवशी हा मासा खाण्याची रीत वायव्येकडच्या पश्चिम फ्योर्द भागातून देशभर पसरली. माशाच्या अंगातला युरिया कुजून अमोनिया होतो. तो वास जिन्यात, पडद्यांत आणि लोकरी कपड्यांत मुरतो. घरात शिजवणारेही नंतर हांगिक्योत चढवून तो दाबायचा प्रयत्न करतात. जुनी चव घ्यायचीच असेल तर दुपारी हॉटेलात आगाऊ टेबल राखा, सौम्य प्रकार मागा, बटाटे आणि वितळलेल्या चरबीसोबत खा, आणि कोट दुसऱ्या खोलीत टांगा.

मुलं असतील तर १२ डिसेंबरपासून तेरा योलास्वेइनार, म्हणजे लोककथांतले नाताळचे खट्याळ भाऊ, एकेक करून येतात आणि खिडकीतल्या बुटात रात्री काहीतरी ठेवून जातात. वाह्यातपणा केला तर बटाटा. ही रीत पाळायला सोपी, पण तेरा रात्री न विसरता पाळावी लागते. संत्रं, पेन्सिल एवढंच ठेवा. मोठ्या वस्तू ठेवल्या की शाळेत तुलना सुरू होते आणि ज्यांच्या घरी ऐपत नाही ती मुलं हिरमुसतात.

निवांत नाताळाला सगळ्यात जवळची रीत पुस्तकांची. दुसऱ्या महायुद्धात आयातीवर निर्बंध होते, कागद मात्र मिळत होता, म्हणून पुस्तकं हीच भेट ठरली. २४ च्या रात्री ती उघडून वाचत बसायचं. याला तयारी जवळपास शून्य.

२४ ला संध्याकाळी सहाला रेडिओवर चर्चच्या घंटा वाजतात आणि नाताळ सुरू होतो. त्याआधी आंघोळी, नवे कपडे आणि टेबल मांडून तयार. कितीही निवांत राहायचं ठरवलं तरी ही वेळ पाळा. दुकानं दुपारीच बंद होतात, २५ ला जवळपास सगळं बंद. म्हणून दूध, भाज्या, तेल २३ लाच आणून ठेवा, आणि औषधं लागत असतील तर तीही.