पत्रकारितेच्या पदवीची अडीच वर्षं: ठाण्यातल्या विद्यार्थिनीचा अनुभव

पाच सत्रं संपली, सहावं सुरू आहे. बारावीनंतर सरकारी विद्यापीठाची पत्रकारितेची पदवी घ्यावी का, असं आमच्या कळव्यातली दोन-तीन मुलं विचारून गेली, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पैशांचं. विद्यापीठ सरकारी म्हणजे फी नगण्य, असं धरून चालू नका. हा अभ्यासक्रम बऱ्याच महाविद्यालयांत विनाअनुदानित तुकडीत चालतो आणि फी साध्या बीएपेक्षा बरीच जास्त असते. माझ्या घरी हे प्रवेशाच्या रांगेत कळलं. शिवाय पत्रकारिता हा विषय पहिल्या दिवसापासून मिळत नाही. जाहिरात, चित्रपट, जनसंपर्क सगळं थोडंथोडं शिकून खरी पत्रकारिता तिसऱ्या वर्षी हाती येते. मी जुन्या आराखड्यातली. नव्या शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांकांची (क्रेडिट्सची) मांडणी बदलली आहे आणि चौथं वर्षही घेता येतं, तेव्हा तुमच्या वर्षाचा आराखडा नीट बघून घ्या.

मला या पदवीने काय दिलं, तर एक शब्द: ‘कशावरून?’ दुसऱ्या वर्षी मी जांभळी नाक्यावरच्या दोन भाजीवाल्यांशी बोलून ‘कांद्याचा भाव दुप्पट’ अशी बातमी लिहिली. मॅडमनी समासात लाल शाईने एवढंच लिहिलं, कशावरून? आणि बातमी परत दिली. मग पहाटेची ट्रान्स-हार्बर लोकल पकडून तुर्भ्याला उतरले आणि एपीएमसीच्या (कृषी उत्पन्न बाजार समितीच्या) कांदा-बटाटा बाजारात गेले. तिथे एका अडत्याने दोन ढीग शेजारी दाखवले. एक मोठा माल, एक गोल्टी, म्हणजे बारीक कांदा. दोन्ही कांदेच, पण दर वेगळे. मी एका आठवड्याचा गोल्टीचा दर आणि पुढच्या आठवड्याचा मोठ्या मालाचा दर समोरासमोर ठेवून ‘दुप्पट’ काढलं होतं. बाजारातला भाव क्विंटलला बोलतात, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी असा. त्या दिवशी आवक किती झाली हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो. गोणी उतरवणाऱ्या माथाडींशी तासभर बोलले, तेव्हा बातमी भावाची न राहता त्यांच्या कामाच्या वेळांची झाली. १९६९ चा माथाडी कायदा मी त्यानंतर वाचला. परीक्षेसाठी वाचला असता तर आज आठवला नसता.

इतिहासाचा पेपर कंटाळवाणा असेल असं वाटलं होतं, पण तो मला फार आवडला. ६ जानेवारी १८३२ ला निघालेल्या ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी छापत. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून इंग्रजी व्याख्यानांत बसलेल्या मला त्या दोन स्तंभांचा मोठा आधार वाटला. मीही वही तशीच केली, डावीकडे ऐकलेलं इंग्रजी, उजवीकडे माझं मराठी. पहिलं वर्ष त्या वहीवर निघालं. आणि मुंबईत ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र चालवणारे, गिरणी कामगारांच्या रविवारच्या सुट्टीसाठी लढणारे नारायण मेघाजी लोखंडे आपल्या ठाण्यात जन्मले, हे मला विसाव्या वर्षी कळलं. शाळेत कुणी सांगितलं नाही याची खंत आहे.

कायद्याच्या पेपरला सीनिअरांच्या नोट्सवर विसंबू नका. त्यांत बदनामी म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४९९ आणि ५००. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम ३५६ झालं. वृत्तपत्र नोंदणीचा १८६७ चा कायदाही जाऊन त्या जागी २०२३ चा नवा आला. हे मी स्वतः शोधून वर्गाला दिलं.

माहिती अधिकाराचा अर्ज प्रत्येकाने करायचा होता. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांची मर्यादा. माझा पहिला मसुदा ‘अमुक काम का झालं नाही?’ असा होता. सरांनी समजावलं, ‘का’ विचारू नकोस, कागद माग: कार्यादेशाची प्रत, देयकाची प्रत. तसं लिहिलं आणि सव्विसाव्या दिवशी चार पानं घरी आली. आई ती पानं शेजारच्या काकूंना दाखवून आली.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. साठ जणांच्या तुकडीला चालू स्थितीतले दोन कॅमेरे. युनिकोड मराठी टायपिंग कुणी शिकवत नाही, ते मी यूट्यूबवर बघून शिकले आणि पहिल्या कामाला तेच सर्वांत उपयोगी पडलं. इंटर्नशिप एका पोर्टलवर सहा आठवडे केली, बिनपगारी. दिवसाला बारा-पंधरा बातम्या दुसरीकडून उचलून शब्द बदलायचे. कशावरून, हा प्रश्न तिथे एकदाही कुणी विचारला नाही. मी विचारला, तर ‘वेळ नाही’ म्हणाले. त्या सहा आठवड्यांचा मला अजून राग आहे.

प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयात जा आणि विद्यार्थ्यांनी काढलेल्या प्रायोगिक अंकाचे मागचे दोन अंक बघायला मागा. त्यात तुमच्या गावातल्या, स्टेशनाबाहेरच्या, बाजारातल्या बातम्या असतील तर तिथले शिक्षक मुलांना बाहेर पाठवतात असं समजा. नुसती संमेलनाची छायाचित्रं आणि प्राचार्यांचं मनोगत असेल, तर पुढचं महाविद्यालय बघा.