लाकडाचा फायरप्लेस इन्सर्ट: अख्खा हिवाळा वापरल्यानंतर, धुराच्या हिशोबासकट

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. इन्सर्ट, म्हणजे जुन्या उघड्या फायरप्लेसच्या पोकळीत बसवायचा काचेच्या दाराचा बंद डबा, चांगला आहे. उघड्या फायरप्लेसमध्ये जळणाच्या उष्णतेतला जेमतेम दहावा हिस्सा खोलीला मिळतो, बाकी सगळी धुराड्यातून आकाशाला. बंद दाराच्या चांगल्या इन्सर्टमध्ये हाच हिस्सा सत्तर टक्क्यांच्या आसपास जातो, आणि तो फरक खोलीत बसल्यावर कळतो. तरीही सुरुवातीला खोलीत धूर, काच काळीकुट्ट, पडद्यांना वास, अशी अवस्था होती आणि एक तारा द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. आज चार देतोय. मधल्या काळात इन्सर्टमध्ये एक स्क्रूही बदललेला नाही. जे बदललं ते वर धुराड्यात, आजूबाजूला घरात आणि बाहेर सरपणाच्या ढिगात.

हे लांबलचक लिहितोय कारण अशाच तक्रारींचे बरेच अनुभव मी खरेदीआधी वाचले होते, आणि जवळपास सगळ्यांनी दोष डब्याला दिला होता. डब्याला स्वतःची ओढ नसते. धूर वर खेचतं ते धुराडं. आतली हवा गरम म्हणून हलकी, बाहेरची थंड म्हणून जड, आणि या फरकावर सगळा कारभार चालतो. पाच मीटर उंचीचं धुराडं, बाहेर शून्य अंश आणि आतल्या धुराचं सरासरी तापमान २०० अंश सेल्सिअस असेल, तर हिशोबाने साधारण २७ पास्कल (पास्कल हे दाबाचं एकक) ओढ मिळते. तेच धुराडं, बाहेर २० अंश आणि आत कोंदटलेला ८० अंशांचा धूर असेल तर उरतात १०, आणि त्यातूनही वळणं आणि घर्षण वजा करायचं. अशा इन्सर्टच्या चाचण्या साधारण १२ पास्कलवर होतात. म्हणजे कडाक्याच्या थंडीत जो इन्सर्ट गुपचूप जळतो, तोच हिवाळ्याच्या शेवटच्या उबदार संध्याकाळी खोकायला लावतो, आणि यात त्याचा काही दोष नसतो.

१२ पास्कल म्हणजे पाण्याच्या स्तंभाचा सव्वा मिलिमीटर. एवढ्याशा ओढीला स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट सहज हरवतो.

धुराचं कारण शोधायचं तर तो कुठून येतो यापेक्षा कधी येतो हे बघा. मला यानेच सगळ्यात जास्त मदत झाली.

पेटवताना येत असेल तर धुराड्यात थंड हवेचा गोळा बसलेला असतो. बाहेरच्या भिंतीला लागून बांधलेल्या धुराड्यात हे हमखास होतं; घराच्या मधून वर जाणारं धुराडं बरंच उबदार राहतं. पेटवण्याआधी दार उघडून एक काडी ओढा, विझवा आणि तिचा धूर कुठे जातो ते बघा. आत वर गेला तर पेटवा. तुमच्याकडे आला तर लाकडाला हातही लावू नका. त्याच मजल्यावरची एक खिडकी चार बोटं उघडा आणि परत बघा. खिडकी उघडल्यावर धूर मुकाट वर गेला, तर दुखणं धुराड्यात नाही, घराच्या हवेत आहे: कुठला तरी पंखा, कपडे वाळवायचं यंत्र किंवा वरच्या मजल्यावरची उघडी खिडकी घरातली हवा बाहेर काढतेय आणि तिची भरपाई धुराड्यातून होतेय. वरच्या मजल्याच्या खिडकीचं विशेष लक्षात ठेवा. धूर झाला म्हणून लोक तीच आधी उघडतात. तापलेलं घर मग स्वतःच धुराडं बनतं आणि खरं धुराडं उलटं वाहायला लागतं.

खिडकीनेही फरक पडला नाही तर गोळा हलवावा लागतो. वर्तमानपत्राची गुंडाळी पेटवून बॅफलजवळ, म्हणजे आगीच्या वर बसवलेल्या आडव्या फळ्यांजवळ, धरली की बहुधा काम होतं. हेअर ड्रायरने दोनेक मिनिटं गरम हवा सोडणं त्याहून निवांत. शिवाय पेटवायची पद्धत उलटी करा. जाड ओंडके खाली, त्यावर मध्यम, सगळ्यात वर बारीक ढलप्या आणि त्यांना आग. आग वरून खाली उतरते, धुराडं पहिल्या मिनिटापासून तापतं आणि खालच्या लाकडाचा धूर ज्वाळेतूनच जातो, त्यामुळे तो जळून जातो. कागदाचे बोळे खाली कोंबून वर लाकडं रचणाऱ्यांना हे पटत नाही. एकदा करून बघा.

दार उघडताना धूर येत असेल तर थोडी सवयीची आणि थोडी रचनेची बाब आहे. सवयीची अशी: आधी हवेचा खटका पूर्ण उघडा, बायपास डँपर (धूर सरळ धुराड्यात सोडणारी झडप) असेल तर तोही, मग दार बोटभर उघडून पाऊण मिनिट थांबा आणि नंतरच सावकाश पूर्ण उघडा. झटक्याने उघडलं की दार स्वतःच धूर बाहेर ओढतं. लाकूड भरायचं ते ज्वाळा विझून निखारे उरल्यावर. एवढं करूनही लोट येत असेल तर कुठेतरी वाट अडली आहे.

माझ्याकडे ती दोन ठिकाणी अडली होती. एक म्हणजे धुराड्याच्या टोपीची जाळी. ठिणग्या उडू नयेत म्हणून वर बारीक जाळी असते आणि ओलसर धुराची काजळी तिच्यावर आधी बसते, कारण सगळ्यात थंड जागा तीच. खालून नळी बघा, स्वच्छ दिसते. वर जाळी मात्र गच्च भरलेली. काही ठिकाणी ही जाळी नियमाने सक्तीची असते, तेव्हा ती काढून टाकण्याआधी चौकशी करा. घासून ठेवायला कुणाची हरकत नसते. दुसरी जागा बॅफलच्या वर. धुराडं झाडल्यावर सुटलेली काजळी आणि राख त्या आडव्या फळ्यांवर साचते आणि तिथेच पडून राहते. झाडणाऱ्याने फळ्या काढून साफ केल्या का, हे समोर उभं राहून विचारा. फळ्या परत बसवताना पूर्ण मागे सरकवायच्या असतात; एक जरी पुढे राहिली तरी धुराची वाट निम्मी होते. व्हर्मिक्युलाइटच्या असतात, ओंडका लागला की तुटतात. या मॉडेलमध्ये मला न आवडलेली हीच एक मोठी गोष्ट.

जळत असताना, दार बंद असूनही धूर किंवा वास येत असेल तर मामला गंभीर आहे, आणि इथे खर्च करावा लागतो. इन्सर्ट बसवणाऱ्याने डब्यावर हातभर नळी जोडून ती जुन्या विटांच्या धुराड्यात नुसती सोडून दिली होती. ‘पूर्ण लायनरची (धुराड्यात वरपर्यंत टाकायच्या आतल्या नळीची) गरज नाही’ असं ठासून सांगितलं होतं. हिशोब साधा आहे. डब्याचं तोंड सहा इंची, म्हणजे २८ चौरस इंच. जुनं धुराडं बारा बाय बारा, म्हणजे १४४. पाचपट जागा मिळाली की धुराचा वेग पडतो, तो विटांना लागून थंड होतो, ओढ मरते आणि त्यातली वाफ नि डांबर भिंतींवर जमतं. उघड्या फायरप्लेसला एवढं मोठं धुराडं लागतं, कारण ती खोलीतली बेसुमार हवा गिळते. इन्सर्टला नाही.

दुसऱ्या कारागिराकडून डब्यापासून टोपीपर्यंत अखंड सहा इंची स्टेनलेस लायनर टाकून घेतला, त्याला सिरॅमिक वूलची गुंडाळी दिली आणि फायरप्लेसच्या गळ्याशी लायनरभोवतीची फट पत्रा नि मिनरल वूलने बंद केली. पैसे गेले. पण सगळ्या उपायांत एकाच कामाने सर्वांत मोठा फरक पडला असेल तर तो याने. पत्र्याचा फायदा वेगळाच: आधी डब्यामागची उष्णता सरळ वर निघून जायची, ती आता खोलीत येते. नवीन इन्सर्टच्या कोटेशनमध्ये या तीन गोष्टी नसतील तर ते कोटेशन अपुरं समजा.

जळणाबद्दल. विकणारे ‘सुकं’ म्हणतात त्यावर जाऊ नका. ओलावा मोजायचं मीटर स्वस्त असतं. पण टोकाला टोचून उपयोग नाही. टोक सगळ्यात आधी वाळतं. ओंडका फोडायचा आणि ताज्या फाकेच्या मधोमध टोचायचं. २० टक्क्यांच्या खाली हवं. लाकडातलं एक किलो पाणी नुसतं वाफ करायला विजेच्या पाऊण युनिटच्या जवळपास उष्णता जाते, आणि ती जाते आगीच्या खिशातून. आग थंड, धूर थंड, ओढ कमी, म्हणून हवा कमी, म्हणून आग आणखी थंड. टोकांतून फेस येतोय, लाकूड सुसकारे टाकतंय, काच तासाभरात काळी होतेय, तर मीटरशिवायही उत्तर मिळालं. जड लाकडाला फोडून, वरून झाकून, बाजूंनी वारा लागेल असं रचून एक ते दोन वर्षं लागतात. आम्ही पुढच्या हिवाळ्याचं आत्ताच रचून ठेवलंय.

रात्री हवा बंद करून आग ‘धरून ठेवायची’ अनेकांना हौस असते. धुमसत जळणाऱ्या आगीचा धूर न जळताच वर जातो आणि नळीच्या थंड भागात डांबरासारखा चिकटतो. हाच क्रिओसोट पुढे पेटला तर धुराड्यात हजार अंशांच्या वर तापमान जाऊ शकतं. थर तीन मिलिमीटर झाला की झाडून घ्यायचंच, मग हंगाम अर्धाच झालेला का असेना.

आणखी एक धोका दिसत नाही. शेवटी उरलेल्या निखाऱ्यांना धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो, आणि नेमकी तेव्हाच नळी थंडावून ओढ सगळ्यात कमी असते. मध्यरात्री ओढ उलटली तर नाकाला काही कळणार नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच खोलीत एक आणि झोपायच्या खोलीबाहेर एक, हे इन्सर्टच्या किमतीतच धरा.

किरकोळ बाबी: इन्सर्टच्या पंख्याचा आवाज वरच्या वेगावर टीव्हीच्या आड येतो. हवेचा खटका तापतो, हातमोजा लागतोच. दाराच्या कडेने फट बंद करणाऱ्या दोरीची पकड तपासायला दारात कागद अडकवून ओढा. सहज निघाला तर दोरी बदलायची वेळ झाली. माझी अजून घट्ट आहे.

एक दुखणं बाकी आहे. वारा छपराच्या उंच बाजूने आला की अधूनमधून एक फुत्कार खोलीत येतो. धुराड्याचं टोक छपरातून निघतं तिथून निदान तीन फूट वर, आणि आजूबाजूच्या दहा फुटांत जे काही असेल त्याहून दोन फूट उंच असावं, असा ठोकताळा आहे. माझं पहिल्या अटीत बसतं, दुसऱ्या अटीत छपराच्या कण्यामुळे थोडं कमी पडतं. वाऱ्याला दाद न देणारी फिरती टोपी बसवावी असं एक कारागीर म्हणतो, दुसरा म्हणतो नळीच वाढवा. मी नळी वाढवणार आहे: उंचीमुळे ओढही वाढते, आणि फिरत्या टोपीचं बेअरिंग काजळीने अडकलं की ती सोडवायला छपरावर चढणार कोण.