नागजकडची भाड्याची बेदाणा शेड: मार्क शेडला द्यायचे का उन्हाला?

फेब्रुवारीच्या शेवटी जो कोरड्या उन्हाचा आठवडा लागला त्यात ज्यांचा ज्यांचा बेदाण्याचा माल शेडमधल्या रॅकवर वाळत होता त्या सगळ्यांना आपापली शेड जगात भारी वाटायला लागलीय. ग्रुपवर रोज हिरव्यागार बेदाण्याचे फोटो आणि खाली "एक नंबर शेड, डोळे झाकून जावा". अरे बाबांनो, त्यात शेडचं किती आणि हवेचं किती? म्हणून मी हवेचे मार्क बाजूला काढून लिहितोय.

आम्ही घेतलेली शेड नागज फाट्याच्या पुढं, जुनोनीकडं जाताना हायवेपासून थोडी आत माळावर आहे. नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मालक माणूस म्हणून चांगलाय. तासगाव, सावळज, मणेराजुरीची द्राक्षं गाडीत घालून एवढ्या लांब कशाला नेता असं पुण्याचे पाव्हणे दरवर्षी विचारतात. तर तिकडं पाऊस कमी, जमीन मुरमाड, आडोसा नाही आणि वारं दिवसभर. ज्या माळावर धड काही पिकत नव्हतं तिथं आता रॅकच्या रांगा लागल्यात, कारण बेदाण्याला जे पाहिजे ते नेमकं तिथंच आहे.

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणतात, यंदा ती आधीच गुपचूप निघून गेली. दुपारी पारा छत्तीस-सदतीसला, आभाळात ढगाचा ठिपका नाही, पहाटे दव नाही, ओठ फुटायला लागले एवढी कोरडी हवा. तसं फेब्रुवारीत तापायचं आता नवल राहिलेलं नाही, हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदीत देशाचं फेब्रुवारीचं सरासरी कमाल तापमान २०२३ ला सगळ्यात जास्त भरलं, २९.५४ अंश, आणि मग २०२५ च्या फेब्रुवारीनं सरासरी तापमानाचा उच्चांक केला. घरात सगळे पंख्याखाली बसून उन्हाला शिव्या घालत होते आणि आम्ही बेदाणावाले मनातनं म्हणत होतो अजून चार दिवस असंच राहू दे रे देवा.

आता ज्यांना यातलं माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. द्राक्षाच्या मण्यावर मेणाचा थर असतो, तो आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून घड पाण्यात बुडवतात, त्या पाण्यात लिटरला साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑईल म्हणजे इथाईल ओलिएट, दोन-चार मिनिटं बुडवून काढायचं की तो थर मोकळा होतो. मग सावलीत जाळीच्या रॅकवर पातळ पसरायचं. पुढचं काम वाऱ्याचं. उन्हात टाकलं तर वाळतं लवकर पण रंग जातो, तपकिरी पडतं, आणि सौद्यात पहिला बघतात तो रंगच. नेहमी दोन आठवड्याच्या आसपास धरून चालायचं, यंदा त्या आठवड्यात ज्यांनी टाकलं त्यांचं त्याच्या बरंच आधी उतरलं. ह्याचं श्रेय शेडवाल्यानं घ्यायचं कारण नाही, तरी त्यानं घेतलं, "बघा की दादा, आपल्या शेडची हवाच तशी". हवा काय त्यानं बांधून आणलीय का!

तर शेडकडं येतो. चांगलं आधी. डिपिंगचं काम एकदम नेटकं. आमची गाडी सकाळी लवकर पोचलेली, पहाटे बॅटरीच्या उजेडात काढलेला माल, थंड होता तेव्हाच त्यांनी घ्यायला सुरुवात केली, ताटकळत ठेवलं नाही. शेजारच्या एका शेडवर दुपारपर्यंत कॅरेट उन्हात ठेवलेले बघितले, मणी खाली गळून रस सुटलेला, त्या मालाचं काय झालं असेल देव जाणे. आमच्या इथला मुकादम द्रावण ठराविक कॅरेटनंतर बदलत होता, मी न सांगता. हे फार महत्वाचं आहे कारण एकच पाणी दिवसभर वापरलं तर त्याचा जोर कमी होतो, सकाळचा माल वाळतो आणि संध्याकाळचा तसाच फुगून बसतो, आणि ऑईलचे पैसे वाचवायला बरेच जण हेच करतात. कामावरच्या मावशी घड पसरताना मोठे घड तोडून सुटे करत होत्या, एकावर एक टाकत नव्हत्या. एकीला म्हटलं मावशी जरा दाट टाका की, रॅक कमी लागतील. तर म्हणाल्या, "दाट टाकू की, मग मधलं काळं पडल्यावर आमच्या नावानं बोंब मारू नका." पटलं, गप्प बसलो.

आता तक्रार. शेडची पश्चिमेकडची शेडनेट फाटलेली होती. एका जागी नाही, सलग. ढगाळ दिवसात हे कोणाच्या लक्षात पण आलं नसतं, पण त्या आठवड्यात चार वाजल्यानंतरचं तिरपं ऊन सरळ आत घुसत होतं आणि त्या कडेच्या रॅकवरचा माल हिरव्याचा तांबूस झाला. मालकाला फोन केला तर "आज माणूस पाठवतो", मग "नेट सांगलीत आणायला गेलाय", मग फोनच उचलेना. शेवटी मुकादमानं जुन्या साड्या बांधल्या कडेला, त्याचा उपयोग झाला पण तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं. भाडं घेताय तर सीझनच्या आधी नेट बदलायची, एवढी साधी गोष्ट. मालक म्हणतो एवढं ऊन मार्च सरल्याशिवाय येत नाही. दादा, गेली काही वर्षं फेब्रुवारी कसा जातोय बघताय की तुम्ही पण.

दुसरी गोष्ट जरा बारीक आहे पण पैशाची आहे. माल जास्त वाळणे. बेदाण्यात पाणी साधारण १५ टक्क्याच्या आसपास राहिलं पाहिजे, त्याच्या खाली गेलं की दाणा कडक होतो आणि वजन घटतं, आणि आपण विकतो वजनावर. एरवी वाळायला वेळ लागतो म्हणून कोणी घाई करत नाही, उलट दोन दिवस जास्त ठेवतात. असल्या कोरड्या वाऱ्यात मात्र एक दिवस उशीर झाला तरी खिशाला कळतो. आमचा मुकादम जुना माणूस, तो रोज मूठभर बेदाणा घेऊन गच्च दाबायचा, मूठ उघडली की दाणे सुटे झाले पाहिजेत, चिकटून राहिले तर अजून ओल आहे. त्यानं सांगितलं उद्या उतरवा. पण झाडणीची, म्हणजे रॅकवरचा वाळलेला माल उतरवायची टोळी मालकानं दुसऱ्या शेडवर पाठवलेली, कारण सगळ्यांचाच माल एकदम तयार झाला ना! मग आमचा माल फुकट वाळत पडला. किती वजन गेलं ते मोजता येत नाही, त्यामुळं भांडता पण येत नाही. भाडं ठरवताना टोळीचं आधी पक्कं करा, हा माझा ह्या सगळ्यातला मुख्य सल्ला समजा.

बाकी हिशोबात गडबड नाही. भाडं तयार बेदाण्याच्या किलोवर, ऑईल-पावडर, मजुरी आणि बॉक्स वेगळे, सगळं वहीत लिहिलेलं, मागितलं की दाखवलं. वजनकाटा आमच्यासमोर. चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा असं धरतात, आमचं त्याच्या जवळपास आलं, तेवढं आलं ते शेडमुळं नाही तर बागेत गोडी चांगली भरली म्हणून, माल बावीस ब्रिक्सच्या (गोडी मोजायचं माप) वर गेल्यावरच काढलेला. गोडी कमी असताना काढला तर एका किलोला पाच किलो द्राक्ष पण लागतं आणि मग लोक शेडवाल्याला चोर म्हणतात. उन्हानं तिकडं बागेत पण हातभार लावला हे खरं, पण मणी मऊ पडायला लागले होते, अजून थांबलो असतो तर गाडीतच रस झाला असता.

गंधकाच्या धुरीबद्दल विचारणारे असतातच. पिवळा बेदाणा करायचा असेल तर धुरीची खोली आहे त्यांच्याकडं, आम्ही हिरवाच केला, त्यामुळं त्यावर काही बोलत नाही. खोली बंद करायचं दार मात्र नीट बसत नव्हतं एवढं बघितलंय, आणि त्याच्या शेजारीच मावशी डबा खायला बसतात, हे काय बरोबर नाही वाटलं. पिण्याचं पाणी टँकरचं, सावलीला बसायला एक पत्र्याचा आडोसा, त्या पत्र्याखाली दुपारी भाकरी शेकली असती. एवढ्या उन्हात बायका दिवसभर काम करतात तर एक बरा निवारा मालकानं करायला काय हरकत आहे, द्राक्षाला सावलीची नेट आणि माणसाला पत्रा?

सौद्याला मधल्या रांगांचा माल आणि पश्चिमेच्या कडेचा माल आम्ही वेगवेगळा लावला, एकत्र केला असता तर सगळ्याचाच दर पडला असता. १५ किलोचे बॉक्स भरताना मुकादमानं स्वतः उभं राहून निवडून दिलं, त्याचं काम नव्हतं तरी. २०१६ ला सांगलीच्या बेदाण्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला म्हणून आपण कौतुक करतो ना, तो असल्या माणसांच्या मुठीवर चाललाय. दोन मालात दराचा फरक किती पडला ते लिहित नाही, पण त्या पैशात नवीन नेट आली असती आणि वर मालकाला चहा पण पाजला असता.

मार्क द्यायचे तर मुकादम आणि मावशींना पाचपैकी पाच, हिशोबाला चार, मालकाच्या देखभालीला दीड. पुढच्या वर्षी परत जाणार का, तर हो, मुकादम असेल तर. पण कडेचे रॅक घेणार नाही, मधल्या रांगा ॲडव्हान्स देतानाच लिहून घेणार. आणि मार्चच्या मध्यानंतर नेणार असाल तर नेट बघून झाल्यावर ताडपत्र्या पण मोजा, कारण ऊन एवढं लवकर तापलं की पुढं अवकाळीची भीती असतेच आणि रॅकवर एकदा पाणी पडलं की तो माल चिकट होऊन काळा पडतो. ह्या शेडवर मी बघितल्या तेव्हा ताडपत्र्या निम्म्या रॅकना पण पुरल्या नसत्या, आणि त्यातल्या दोन तर मालकाच्या कडब्यावर होत्या.