निळे पोर्ट गायब झाले तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं

पीसीच्या दुरुस्तीत गेले ५,६०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी मी महिनाभर ३,००० च सांगत होतो.

सेलूत माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. २०२४ चा जुलै, एकीकडं लाडकी बहीणचे फॉर्म, दुसरीकडं एक रुपयावाला पीकविमा, दारात बाया-माणसांची रांग, आणि नेमका पीसी चालू होईना. फॅन फिरतोय, लाइट लागतोय, डिस्प्ले नाही, कॅबिनेटमधून नुसतं टूंऽ टूंऽ. त्याच्या आधी दोन महिने रोज सकाळी तारीख मागं गेलेली असायची अन् स्क्रीनवर एफ १ दाबा यायचं, मी गुमान दाबायचो.

कॅबिनेट चादरीत गुंडाळून रेल्वेनं परभणीला नेलं. दुकानवाल्यानं एकदा चालू केलं, बीप ऐकली अन् लगेच, "भाऊ, मदरबोर्ड उडाला, तुमच्याकडं लाइट कमीजास्त होती ना?" आता आमच्याकडं लाइट कधी कमीजास्त होत नाही? मी मान हलवली. चेकिंगचे ३००, बोर्ड ४,८००, विंडोजचे ५००. "प्रोसेसर, रॅम तुमचंच राहतंय, जा चहा पिऊन या." गेलो बी चहाला. तिथंच माती खाल्ली, आपली वस्तू उघडताना तिथून हलायचंच नसतं.

संध्याकाळी घरी येऊन मागं पेनड्राइव्ह लावायला हात घातला तर दोन निळे पोर्ट (जास्त स्पीडचे यूएसबी) होते ते गायब, सगळे काळेच. पत्र्याच्या पट्टीची भोकं पण पोर्टाला जुळत नव्हती, एका भोकातून आतली धूळ दिसत होती. हे मी बघितलं बरं का, बोटानं चाचपून बघितलं! फोन केला तर म्हणे, "निळे आता बंद झालेत, नवीन मॉडेल आहे." आणि मी, जो दिवसभर लोकांना ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून बोंबलतो, तो मी हो म्हणलो. पण बाहेर रांग होती, विम्याची तारीख जवळ आलेली, अशा वेळी कुणाचं डोकं चालतं सांगा.

दिवाळीत पॉलिटेक्निकवाला भाचा आला, त्यानं सेटिंगमध्ये अबाउट उघडलं. आय थ्री, तिसरी जनरेशन. माझं २०१६ चं बिल एलआयसीच्या फायलीत होतं: एच ८१ बोर्ड, आय फाइव्ह चौथी जनरेशन. बसवलेला बोर्ड निघाला एच ६१, त्याच्यावर चौथ्या जनरेशनचा प्रोसेसर बसतच नाही, सॉकेटच, म्हणजे प्रोसेसर बसायची जागाच वेगळी, ११५० अन् ११५५. म्हणजे "तुमचाच प्रोसेसर" म्हणून तो पण ढापला. अन् बोर्ड नवीन नाहीच, कपॅसिटरच्या दोन टोप्या फुगलेल्या. भाचा म्हणला, मामा, बोर्ड उडाला असता तर बीप कशाला वाजली असती, ते रॅमचं रडणं होतं. बहुतेक रॅम काढून पिवळी पट्टी खोडरबरनं पुसली असती अन् तारीख-वेळ सांभाळणारा चाळीसेक रुपयाचा सीआर २०३२ सेल बदलला असता तर काम भागलं असतं. आता खात्री तरी कशी करणार, जुना बोर्डच नाही. "भंगार आहे, राहू द्या इथंच" म्हणला अन् मी राहू दिला. जुना पार्ट सोडू नका, मेलेला असला तरी पिशवीत घालून आणा.

पोलिसांत गेलो. कॉम्प्युटर शब्द ऐकल्याबरोबर म्हणे सायबरला जा. सायबरवाले म्हणले आमचं काम ऑनलाइन फसवणुकीचं, हे तर तुम्ही स्वतः हातानं नेऊन दिलं. परत पहिल्या ठाण्यात, तिथं दुसरे साहेब, ते म्हणे हे दिवाणी मॅटर आहे. तीन चकरा, प्रत्येक वेळी दुकान बंद, अर्ज ठेवून घेतला पण पोच द्यायला शिक्काच सापडेना त्यांना! ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन केला, ताई नीट बोलल्या, पण पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडं काय, तर सिगारेटच्या पाकिटाएवढी चिठ्ठी, वर नुसतं "बोर्ड ४८००". जीएसटी वाचतो म्हणून पक्कं बिल नको मीच म्हणलो होतो. ग्राहक आयोगात ५ लाखापर्यंत फी लागत नाही, पण वकील म्हणला आधी कागद दाखवा.

देण्याआधी झाकण उघडून बोर्डाचा अन् त्याच्यावरच्या सिरीयल नंबरचा मोबाईलवर फोटो काढा, प्रोसेसरचं नाव लिहून ठेवा, अर्धा मिनिट लागतो.

मागच्या महिन्यात त्या दुकानवाल्याचा निरोप आला, हजार रुपये घ्या अन् विषय सोडा. मी घेतले नाहीत. बायको म्हणते घ्यायला पाहिजे होते.